मलम कुठवर पोचतं?

औषधांविषयीचे आपल्याकडचे नियम १९४५ सालचे. त्यांना जोडलेल्या परिशिष्टांत ‘शेड्यूल जे’ नावाची एक यादी आहे. दुखणी मोजून ५१. यांपैकी कोणतंही दुखणं आपण बरं करतो किंवा होऊच देत नाही, असं कोणत्याही औषधाने सांगायचं नाही, असं नियम १०६ म्हणतो. यादी वाचायला मजेशीर आहे. कर्करोग, मधुमेह, टक्कल, तोतरेपणा, उंची वाढवणं, कातडी गोरी करणं, मूळव्याध. एस.टी. स्टँडच्या मागच्या भिंतींवर जे जे रंगवलेलं असतं ते बहुतेक सगळं. यादी इंग्रजी अक्षरक्रमाने लावली आहे, त्यामुळे व्हेरिकोज व्हेन्सचा नंबर लागतो अगदी शेवटी, एक्कावन्नावा.

आता कोणत्याही औषधाच्या दुकानात जाऊन ‘पायाच्या शिरांसाठी काही आहे का?’ असं विचारून बघा. दुकानदार मागे न वळता दोन-तीन ट्यूबा काउंटरवर ठेवतो. एकीवर हिरवं पान, एकीवर काटेरी टरफलातलं तपकिरी फळ, एकीवर गुडघ्यापासून खालचा गुळगुळीत पाय आणि त्यावर वर जाणारे निळे बाण. भाषा मात्र तोलूनमापून वापरलेली. ‘बरं करते’ असं कुठेच लिहिलेलं नसतं. ‘पायांना हलकं वाटण्यासाठी’, ‘रक्ताभिसरणास साहाय्यक’, ‘निरोगी शिरांसाठी’ असे शब्द असतात. लिहिणाऱ्याला नियम ठाऊक आहे आणि घेणाऱ्याची गरजही ठाऊक आहे. घेणारा मनातल्या मनात ‘साहाय्यक’ पुसून ‘उपाय’ वाचतो आणि ट्यूब घेऊन घरी जातो. ऑनलाइन बाजारात तर एवढाही संकोच नाही. तिथे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो असतात. आधीच्या फोटोत दोरखंडासारख्या शिरा, नंतरच्यात काहीच नाही.

ही मलमं अगदीच थापा आहेत का? नाहीत. यांतल्या काही वनस्पतींवर युरोपात चांगलं काम झालेलं आहे आणि आपल्या ग्रंथांतही या दुखण्याचा विचार आहे. पण ते काम काय सांगतं आणि ट्यूब काय सुचवते, यांत अंतर आहे. ते नेमकं किती, हे पाहायचं तर आधी शीर का फुगते ते बघावं लागतं.

माणूस उभा राहिला की पायातलं रक्त हृदयाकडे चढावं लागतं. स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेतला दाब साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. हृदयापासून घोट्यापर्यंत उभ्या असलेल्या रक्ताच्या स्तंभाचं ते वजन. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं आणि घोट्याचा दाब ३०च्या खाली येतो. वर गेलेलं रक्त परत खाली येऊ नये म्हणून शिरांच्या आत जागोजागी दोन पाकळ्यांच्या झडपा असतात. त्या रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीवरून थेट जांघेपर्यंत जाणारी कातडीखालची लांब शीर ही शरीरातली सर्वांत लांब शीर. जांघेत ती खोल शिरेला मिळते. तिथली झडप ढिली पडली, की वरचा सगळा भार खालच्या झडपेवर येतो, मग तीही ढिली पडते, आणि असं करत करत शीर ताणते, रुंदावते, नागमोडी होते. आई-वडिलांकडून आलेला वारसा, बाळंतपणं, वाढलेलं वजन आणि तासन्‌तास उभं राहणं ही त्याची नेहमीची कारणं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर डॉपलर तपासणी बघावी. पेशंटला एका बुटक्या स्टुलावर उभं करतात. भार दुसऱ्या पायावर टाकायला सांगतात. जांघेत थंडगार जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब टेकवतात आणि दुसऱ्या हाताने पोटरी दाबतात. पडद्यावर शिरेत एक रंग भरतो. रक्त वर चाललं. हात सोडला की निरोगी शिरेत रंग तिथेच विझतो. झडप बिघडलेली असेल तर दुसरा रंग उसळतो आणि रेंगाळतो, यंत्रातून फुसकाऱ्यासारखा आवाज येतो. रक्त खाली पडतंय. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ ते पडत राहिलं तर झडप निकामी समजतात. सगळा प्रकार काही मिनिटांचा, सुई नाही, दुखणं नाही. पोटरीवरच्या ज्या गाठोळ्यांनी पेशंट हैराण झालेला असतो त्यांचं मूळ पुष्कळदा तिथून दोन फूट वर, मांडीच्या आत सापडतं. मलम लागतं पोटरीवर. गच्चीवरची टाकी गळत असताना तळमजल्याच्या भिंतीला चुना लावावा, तसं ते होतं.

आता त्या काटेरी फळाकडे वळू. ते हॉर्स चेस्टनटचं. झाड मूळचं बाल्कन डोंगरांतलं. कॅरोलस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५७६ साली कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या बिया व्हिएन्नात लावल्या आणि पुढे या झाडाने युरोपभर रस्ते आणि बागा भरून टाकल्या. तुर्क लोक खोकणाऱ्या, धापा टाकणाऱ्या घोड्यांना ही फळं देत, त्यावरून नावात घोडा आला. याचा एक भाऊ आपल्या हिमालयात आहे. काश्मीरपासून नेपाळपर्यंत उगवणाऱ्या त्या झाडाला तिकडे पांगर किंवा बनखोर म्हणतात (आपल्या लाल फुलांच्या पांगाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही). त्याच्या बिया पाण्यात भिजत घालून, पाणी बदलत कडवटपणा काढतात आणि पीठ करून खातात. युरोपातल्या झाडाच्या बिया मात्र कच्च्या खाल्ल्या तर विषारी आहेत.

या बियांत एस्किन नावाचं द्रव्य असतं. बारीक केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपणं ते कमी करतं, म्हणून सूज उतरते. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये जर्मनीतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. शिरांच्या दुखण्याचे २४० पेशंट, बारा आठवडे. काहींना दाबाचे मोजे, काहींना या बियांच्या अर्काच्या गोळ्या, काहींना नुसत्या खोट्या गोळ्या. शेवटी पायाचं आकारमान मोजलं. मोजेवाल्यांचं सरासरी ४७ मिलिलिटरने कमी झालं, अर्कवाल्यांचं ४४ ने. खोट्या गोळ्यांच्या गटात ते दहाने वाढलं. पुढे पिटलर आणि एडझार्ड अर्न्स्ट या दोघांनी अशा १७ चाचण्या एकत्र तपासून २०१२ साली कॉक्रेन समीक्षेत निष्कर्ष काढला, की थोड्या मुदतीसाठी हा अर्क पायदुखी, सूज आणि खाज कमी करतो. हे अर्न्स्ट पर्यायी उपचारांवर कोरडे ओढण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांनी पास केलेल्या मोजक्या वनस्पतींपैकी ही एक, म्हणून त्या निष्कर्षाला वजन.

पण दोन गोष्टी नीट वाचायला हव्यात. एक, मोजली गेली ती सूज, दुखणं, खाज. फुगलेली शीर सरळ झाली असं कोणी म्हटलेलं नाही. दोन, हे सगळं पोटात घेतलेल्या गोळीचं. दिवसातून दोनदा, दर वेळी ५० मिलिग्रॅम एस्किन. मलमाचं नव्हे. ट्यूबवर छापलेली ‘क्लिनिकली प्रूव्हन’ची मोहोर ही अशी गोळीकडून उसनी आणलेली असते.

युरोपीय औषध संस्थेने, म्हणजे ईएमएने, हा फरक सरळ कागदावर मांडला आहे. वनौषधींची ती दोन गटांत वाटणी करते. पुरेशा चाचण्या असलेली औषधं ‘सुस्थापित वापर’ या गटात जातात. चाचण्या अपुऱ्या, पण किमान ३० वर्षं, त्यांतली १५ युरोपीय संघात, लोक वापरत आले आहेत आणि अपाय दिसलेला नाही, अशी औषधं ‘पारंपरिक वापर’ या गटात. हॉर्स चेस्टनटच्या बियांचा पोटात घ्यायचा अर्क पहिल्या गटात आहे. त्याच बियांचं कातडीवर लावायचं औषध दुसऱ्या. द्राक्षाच्या लाल पानांचंही तसंच: गोळीला पुराव्याचा आधार, मलमाला वहिवाटीचा. आपल्याकडच्या ट्यूबांवर असा कुठला गट लिहायची सोय असती तर अर्धा गोंधळ मिटला असता.

मलम मागे का पडतं, याचं एक कारण कातडीतच आहे. कातडीचा सगळ्यांत वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींची घट्ट रचलेली भिंत. बाहेरचं आत येऊ नये यासाठीच ती असते. बॉस आणि मेनार्डी या डच संशोधकांनी २००० साली एक ढोबळ नियम मांडला. ज्या रेणूचं वजन ५०० डाल्टनपेक्षा जास्त, तो धडधाकट कातडीतून सहसा आत जात नाही. चोळून लावायची बहुतेक यशस्वी औषधं याच्या आत बसतात. एस्किनच्या रेणूचं वजन आहे ११३१. या ट्यूबांतल्या इतर द्रव्यांचंही तेच: लिंबूवर्गीय फळांतून मिळणारं डायोस्मिन ६०८. ट्रॉक्सेरुटिन ७४२. मंडूकपर्णीतलं एशियाटिकोसाइड ९५९. सगळेच उंबऱ्याबाहेर. नियम ढोबळ आहे, औषध बांधायच्या नव्या पद्धतींनी थोडंफार आत सरकवता येतं, एस्किनची जेल मुक्या मारावर आणि मुरगळण्यावर उपयोगी पडते असंही दिसलं आहे. पण तिथे दुखणं कातडीच्या लगेच खाली असतं. जांघेतल्या झडपेची गोष्ट वेगळी.

मग ट्यूब लावल्यावर बरं वाटतं ते काय खोटं असतं? नाही, आणि इथे मलमाची बाजू घ्यायला हवी. ट्यूबच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक वाचा. हॉर्स चेस्टनट, द्राक्षबी, विच हेझेल यांच्या शेपटाला हमखास मेंथॉल सापडतं. म्हणजे पुदिन्याचा अर्क. काही तेलांत कापूर. मेंथॉलचं वजन १५६, कापराचं १५२. हे दोघे आरामात आत शिरतात. मेंथॉल कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहकांना चेतवतं, आणि मेंदूला वाटतं पाय गार पडला. हे ग्राहक डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांनी आपापल्या प्रयोगशाळांत मेंथॉल वापरूनच शोधले. स्पर्श आणि तापमानाच्या जाणिवेवरच्या कामासाठी दोघांना मिळून २०२१ चं नोबेल मिळालं. दिवसभर उभं राहून जळजळणाऱ्या, जड झालेल्या पोटऱ्यांना हा गारवा खरोखर सुखावतो. शिवाय मलम लावायला माणूस बसतो. पाय समोर पलंगावर घेतो. घोट्यापासून गुडघ्याकडे हात फिरवतो. यातली प्रत्येक गोष्ट शिरेतला दाब उतरवणारी आहे. कोरड्या, खाजऱ्या कातडीला वंगण मिळतं ते वेगळंच. रोज रात्री नुसतं खोबरेल लावून हे केलं तरी पुष्कळसा गुण येईल. फक्त खोबरेलाच्या बाटलीवर निळे बाण नसतात.

घरगुती उपायांचा पसारा मोठा आहे आणि त्यावर फार थांबण्यात अर्थ नाही. सफरचंदाच्या व्हिनेगरची एक चाचणी तुर्कस्तानातून २०१६ साली प्रसिद्ध झाली. लावणाऱ्यांना बरं वाटलं असं तिच्यात आहे. पण आपण व्हिनेगर लावतो आहोत हे वासामुळे कोणापासून लपणार? टोमॅटोच्या फोडी, मुलतानी माती, कोरफडीचा गर: गारवा मिळतो, तेवढंच. लसूण ठेचून बांधण्याचा उपाय मात्र करू नये. लसणाने कातडी भाजते, फोड येतात, आणि या पायांवरची जखम लवकर भरत नाही.

आयुर्वेदाकडे वळताना आपण जरा सावरून बसतो, कारण इथे श्रद्धा आणि राग दोन्ही लगेच उसळतात. सुश्रुताच्या निदानस्थानात ‘सिराज ग्रंथी’ आहे. दुबळ्या माणसाने ताकदीबाहेर कष्ट केले की वात शिरांच्या जाळ्याला ओढून, पिळून, आखडून गाठ उभी करतो, असं त्याचं वर्णन. दुखणारी, हलणारी गाठ कष्टाने बरी होते. न दुखणारी, न हलणारी, मोठी किंवा मर्मावरची असेल तर हात लावू नये. वाग्भट अष्टांगहृदयात आणखी एक कारण देतो. पायी चालून थकलेल्याने एकदम पाण्यात उतरणं. पाण्याचं सोडून द्या, पण कष्ट आणि पायपीट यांच्याशी या शिरांचा संबंध त्या काळच्या वैद्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. आणि ‘हे बरं होणार नाही’ असं स्पष्ट लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा तर आजच्या जाहिरातींनी शिकावा असा.

या दुखण्यासाठी आज सगळ्यांत जास्त खपणारं आयुर्वेदिक तेल म्हणजे सहचरादी. सहचर म्हणजे आपल्याकडचे वैद्य कोरांटी समजतात. केरळातल्या औषधशाळांत वापरतात ती वनस्पती वेगळी, पश्चिम घाटातल्या ओलसर जंगलात वाढणारी, आपल्या सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीची चुलत बहीण. म्हणजे एकाच नावाच्या दोन बाटल्यांत दोन वेगळी झाडं असू शकतात. त्याहून गमतीची गोष्ट वाग्भटाच्या मूळ पाठात आहे. नव्या सिराग्रंथीत साहचर तेल त्याने प्यायला सांगितलं आहे. सोबत वातहर पोटीस, बस्ती आणि शीर टोचून रक्त काढणं. एक पूर्ण उपचार होता, त्यातलं प्यायचं तेल बाजाराने चोळायचं करून विकायला घेतलं, आणि बाकीचं गळून पडलं. चरकाने वातरक्तासाठी सांगितलेल्या पिंडतेलाचं तसंच. मेण, मंजिष्ठा, राळ आणि सारिवा, म्हणजे अनंतमूळ, घालून केलेलं हे तांबूस, घट्टसर तेल जळजळीवर छान काम करतं असं वैद्य सांगतात. भाजल्यासारख्या कातडीला मेणाचा लेप बरा वाटणारच. पण वातरक्त हे वेगळं दुखणं. शिरांसाठी ते तेल सरसकट देणं ही नंतरची वहिवाट.

बाहेरून करायच्या आयुर्वेदिक उपचारांपैकी मोजून-मापून पाहिला गेलेला एक उपचार मात्र मुंबईतला आहे आणि तो मलमाचा नाही. परळच्या केईएम रुग्णालयात सर्जन डॉ. रवि बापट आणि औषधशास्त्राच्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी सहकाऱ्यांसोबत व्हेरिकोज व्हेन्सच्या गुंतागुंती झालेल्या पायांवर जळवा लावून पाहिल्या. पेपर १९९८ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. मराठी वाचकांना बापट ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’मुळे ठाऊक आहेत आणि डहाणूकर ‘फुलवा’मुळे.

जळू लावण्याची रीत अशी. आधी तिला हळदीच्या पाण्यात सोडतात, ती तरतरीत होते. मग जखमेच्या कडेला ठेवतात. चिकटत नसेल तर तिथे सुईने रक्ताचा थेंब काढतात. चिकटली की तिची मान घोड्याच्या नालासारखी वाकते, अंग हळूहळू फुगतं. वर ओलं फडकं टाकतात. अर्ध्या-पाऊण तासाने ती आपणहून सुटते, नाहीतर तोंडावर हळद भुरभुरली की सोडते. पुन्हा हळद लावून तिला रक्त ओकायला लावतात. तिच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे रक्त गोठत नाही, त्यामुळे पायाच्या जखमेतून आणखी काही वेळ रक्त पाझरत राहतं.

केईएमच्या चमूने नुसत्या जखमा भरल्या की नाही एवढंच बघितलं नाही. जळवेने शोषलेल्या रक्तातला प्राणवायू त्यांनी मोजला. तो पेशंटच्या अशुद्ध रक्तवाहिनीतल्या रक्ताशी जुळला. म्हणजे जळू साचलेलं अशुद्ध रक्तच काढते, हे जुनं म्हणणं आकड्यात उतरलं. सगळ्यांच्या जखमा भरत आल्या, ९५ टक्के पेशंटची सूज उतरली, ७५ टक्क्यांचा काळेपणा कमी झाला. रुग्णांची संख्या लहान होती आणि एवढ्यावर गावोगाव जळवांची दुकानं उघडू नयेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि रक्त कमी असलेल्यांना तर हा उपचार धोक्याचाच. पण प्रश्न कसा विचारावा आणि ग्रंथातलं वाक्य कसं तपासावं, याचा हा नमुना आहे. सहचरादी तेलाला अशी कसोटी लावून कोणी दाखवली तर मी पहिली बाटली विकत घेईन.

आता मलमांची काळी बाजू. ती ट्यूबच्या विषारीपणाची नाही, वेळेची आहे. फुगलेली शीर वर्षानुवर्षं तशीच राहिली की घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी आधी तपकिरी, मग काळी पडते. रक्तातलं लोह तिथे झिरपून साचतं. मग खाज, इसब. कातडी लाकडासारखी टणक होते. शेवटी एखादा ओरखडा, डासाच्या चाव्यावर खाजवलेलं नख, आणि जखम होते. ती महिनोन्‌महिने भरत नाही. या सगळ्या पायऱ्यांवर घरात कोणती ना कोणती ट्यूब चालू असते. त्यात एक उलटा फेरा आहे. शिरांच्या दुखण्याने नाजूक झालेली कातडी लावलेल्या औषधांनाच ॲलर्जी धरते. पायाच्या जखमा असलेल्या पेशंटच्या पॅच टेस्टमध्ये निम्म्याच्या आसपास लोकांना कशाची तरी ॲलर्जी निघाल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सुगंधी द्रव्यं, लोकरीतून काढलेलं लॅनोलिन, पेरू बाल्सम, निओमायसिन, टिकवण्यासाठी घातलेली रसायनं. ‘नैसर्गिक’ असण्याने यातून सूट मिळत नाही. झेंडूच्या कुळातल्या अर्निका आणि कॅलेंड्युला याही ॲलर्जी करणाऱ्या वनस्पती आहेत. पाय खाजतो म्हणून मलम, मलमाने इसब, इसबावर दुसरं मलम.

आणि हे सगळं चालू असताना खरा उपचार पुष्कळ सोपा झाला आहे, ही गोष्ट लोकांपर्यंत पोचलेलीच नाही. आपल्या मनात अजून आजीच्या काळचं ऑपरेशन आहे. जांघेत आणि घोट्याजवळ कापून आख्खी शीर तारेने ओढून काढायची. ते आता फार कमी करावं लागतं. घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या आसपास एक सुई टोचून शिरेत बारीक तार सरकवतात आणि लेझरने किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या उष्णतेने ती आतून मिटवतात. जागेवरची भूल पुरते. पेशंट त्याच दिवशी चालत घरी जातो. फेसाचं इंजेक्शन देऊन शीर मिटवणं हा दुसरा मार्ग. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१३ सालीच हा क्रम घालून दिला: आधी उष्णतेने शीर बंद करणं, ते जमत नसेल तर फेस, तेही नाही तर शस्त्रक्रिया. नुसते मोजे देऊन पेशंटला परत पाठवू नये, असंही त्यात आहे. घोट्याजवळ जखम झालेल्यांसाठी तर पुरावा आणखी पक्का आहे. २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत ४५० पेशंट होते. सगळ्यांना दाबाचं बँडेज होतंच. ज्यांची शीर लगेच बंद केली त्यांची जखम भरायला ५६ दिवस लागले (मध्यक), ज्यांना थांबवलं त्यांना ८२. मलमाच्या ट्यूबवर अशी ओळ लिहिता येईल असा पुरावा मला कुठे सापडला नाही.

मोज्यांविषयी एक सूचना. घोट्याशी २० ते ३० मिलिमीटर दाब देणारे हे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे असतात, पाय सुजल्यावर नव्हेत. आपल्या उन्हाळ्यात ते नकोसे होतात हे खरं. पण मधुमेही, विडी-सिगारेट ओढणारे आणि वयस्कर माणसांनी ते आपल्या मनाने घालू नयेत. पायाकडे येणारी शुद्ध रक्तवाहिनी अरुंद झालेली असेल तर घट्ट मोजाच पाय घालवू शकतो. आधी घोट्यावरचा रक्तदाब मोजून घ्यावा लागतो.

या दुखण्याचं सगळ्यांत स्वस्त औषध मात्र औषधाच्या दुकानात मिळत नाही. ते म्हणजे खुर्ची. दिवाळीच्या आठवड्यात कापडाच्या दुकानांत जा. साड्यांच्या घड्या उलगडणाऱ्या मुली सकाळी दहापासून रात्री दुकान बंद होईपर्यंत उभ्या असतात. काउंटरच्या मागे स्टूल असतं, पण गिऱ्हाईक समोर असताना बसणं मालकाला उद्धट वाटतं. गिऱ्हाईक नसतानाही बसलेलं चालत नाही, ही खरी गोम. कोझिकोडच्या मिठाई रस्त्यावरच्या दुकानांतल्या बायकांनी ‘पेण्‌कूट्ट’ या संघटनेतून बसण्याच्या आणि स्वच्छतागृहाच्या हक्कासाठी आंदोलन केलं. केरळने २०१८ साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली. तमिळनाडूने २०२१ साली तसाच कायदा केला. कारखान्यांसाठी ही गोष्ट जुनी आहे. १९४८च्या फॅक्टरी कायद्याच्या ४४व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय ठेवायला सांगितलं होतं. बंदोबस्तावरचा शिपाई, कंडक्टर, केस कापणारा, पोळी-भाजी केंद्रात ओट्याशी उभी राहून दिवसभर पोळ्या लाटणारी बाई: यांच्या पोटऱ्यांचा प्रश्न ट्यूबने सुटणारा नाही. दर तासाला पाच मिनिटं बसायला, टाचा वर-खाली करायला मिळणं हा त्यांचा हक्क आहे असं मानायला आपल्याला अवघड का जावं?

तर ट्यूब घरात असेल तर टाकून देऊ नका. रात्री पाय उशीवर घेऊन, घोट्यापासून वरच्या दिशेने, हलक्या हाताने लावा. सुगंधी नसलेली आणि कमी घटकांची निवडा. खाज वाढली तर त्याच दिवशी बंद करा. फुटलेल्या कातडीवर किंवा जखमेवर कुठलंही मलम मनाने लावू नका. एकच पाय एकाएकी सुजला, दुखू लागला, गरम झाला तर चोळू नका. आत रक्ताची गाठ झालेली असू शकते, तडक रुग्णालयात जा. फुगलेली शीर फुटून रक्त आलं तर घाबरून धावाधाव न करता आडवं व्हा, पाय उंच करा आणि स्वच्छ कापडाने त्या जागी घट्ट दाबून धरा. घोट्याजवळची कातडी काळी पडू लागली असेल, किंवा तिथली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर पुढची ट्यूब आणण्याआधी शिरांच्या डॉक्टरकडे जाऊन उभ्याने डॉपलर करून घ्या.